दारू, यकृत आणि पेशींची आपापसातली बोलाचाली

पेशीवाली (लोकमान्यनगर, इंदूर)

"दारू लिव्हर जाळते" हे वाक्य आपण सगळेच म्हणतो. जाळते म्हटलं की हिशेब सरळ वाटतो, जेवढी ओतली तेवढं जळलं. प्रत्यक्षात तसं होत नाही. वर्षानुवर्षं भरपूर पिणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांच्या यकृतात चरबी साठते, पण सिऱ्होसिसपर्यंत, म्हणजे यकृतभर चट्टे पडण्यापर्यंत जाणारे साधारण दहा ते वीस टक्केच असतात. एका टेबलावर बसणारे, एकाच बाटलीतून घेणारे दोघे मित्र, पंधरा वर्षांनी एकाला पोटात पाणी आणि दुसऱ्याचा रिपोर्ट जवळजवळ साफ. वजन, आहार, जीन्स, बाई की पुरुष, हे सगळं त्यामागे आहेच. पण या सगळ्याचा परिणाम शेवटी एका जागी दिसतो: दारूने दुखावलेली पेशी शेजारच्या पेशींना काय कळवते आणि त्या शेजारणी त्यावर काय करतात. यकृताची बरीचशी नासाडी दारू स्वतः करतच नाही. ती या निरोपांमुळे होते. धागा त्याबद्दल आहे. मी जीवरसायनशास्त्र शिकवते. वर्गात हा विषय दोन आकृत्यांत उरकतो, इथे जरा पाय पसरून लिहिते.

आधी कोण कोण आहे ते पाहू. यकृताचं मुख्य काम करणाऱ्या पेशी म्हणजे हेपॅटोसाइट. दारूचं विघटन त्याच करतात. त्यातून आधी अॅसिटाल्डिहाइड तयार होतं, जे खरं विषारी, आणि मग त्याचं अॅसिटेट होतं. रोज पिणाऱ्याच्या शरीरात सीवायपी-२ई१ नावाचं आणखी एक एन्झाइम वाढतं, आणि ते काम करताना ऑक्सिजनचे त्रासदायक रेणू सोडत राहतं. पाठ्यपुस्तकातली गोष्ट बहुतेक इथेच थांबते.

पण हेपॅटोसाइटच्या रांगांमधून जाणाऱ्या रक्ताच्या बारीक वाटांमध्ये आणखी मंडळी राहतात. वाटेची भिंत ज्यांची बनते त्या अस्तर-पेशी. या भिंतीला मुळातच सूक्ष्म भोकं असतात, त्यामुळे रक्तातला माल सहज आत-बाहेर जातो. भिंतीला चिकटून बसलेल्या कुप्फर पेशी, म्हणजे यकृताच्या कायमच्या भक्षक पेशी. आणि भिंत व हेपॅटोसाइट यांच्यामधल्या चिंचोळ्या फटीत तारकापेशी, ज्या एरवी शांतपणे जीवनसत्त्व अ साठवून असतात. शरीरातल्या अ जीवनसत्त्वाचा बहुतांश साठा यांच्याकडेच असतो.

इथे एक गंमत. कार्ल फॉन कुप्फर या जर्मन शास्त्रज्ञाने १८७६ मध्ये सोन्याचा क्षार वापरून ज्या ताऱ्याच्या आकाराच्या पेशी रंगवल्या, त्या भक्षक पेशी नव्हत्याच. त्या होत्या तारकापेशी. पुढे त्याने स्वतःच दोन्ही एक समजून घोळ घातला आणि त्याचं नाव भलत्याच पेशींना कायमचं चिकटलं. तोशिओ वाके या जपानी संशोधकाने १९७१ मध्ये हा गुंता सोडवला, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांनी. आपल्या विषयातल्या दोन मुख्य पात्रांची ओळखपरेडच एवढी लांबली, तर त्यांच्यातलं बोलणं समजायला वेळ लागला यात नवल नाही.

आता पहिला निरोप. तो यकृतातून निघतच नाही, आतड्यातून येतो. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी पाऊण हिस्सा पोर्टल शिरेतून, म्हणजे थेट आतड्याकडून येतो. दारू आणि अॅसिटाल्डिहाइड आतड्याच्या अस्तरातले सांधे सैल करतात, शिवाय आतल्या जिवाणूंची वस्तीही बदलते. मग जिवाणूंच्या कवचाचे तुकडे, ज्यांना एंडोटॉक्सिन किंवा एलपीएस म्हणतात, ते या शिरेतून यकृतात पोचतात. कुप्फर पेशीवर टीएलआर-४ नावाचा ग्राहक रेणू असतो, तो हे तुकडे ओळखतो. एलपीएस ओळखणारा रेणू हाच, हे ब्रूस ब्यूटलर यांच्या गटाने १९९८ मध्ये दाखवलं. ब्यूटलर २०११ च्या नोबेलच्या मानकऱ्यांपैकी एक. तुकडा ओळखला की कुप्फर पेशी दाह पेटवणारे टीएनएफ-अल्फा, आयएल-१ बीटा आणि पांढऱ्या पेशींना बोलावणारे आयएल-८ सारखे निरोप-रेणू सोडते. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, धावत येतात. जंतू बहुधा नसतातच, नुसते त्यांचे तुकडे असतात. तरी युद्धाची पूर्ण तयारी होते आणि मार खाते ती हेपॅटोसाइट.

दुसरा निरोप हेपॅटोसाइट स्वतः पाठवते, आणि मला सगळ्यात रस आहे तो याच्यात. दारूने बेजार झालेली पेशी मरायच्या आधीच स्वतःच्या पटलाच्या पिटुकल्या पिशव्या बाहेर सोडते. त्यातल्या सर्वांत लहान म्हणजे एक्सोसोम, आकार साधारण ३० ते १५० नॅनोमीटर. निरोगी पेशीही सोडतात, पण दारूच्या संपर्कात त्यांची संख्या वाढते आणि आतला मालही बदलतो. त्यात मायक्रोआरएनए, म्हणजे जीन्सचं काम आवरणारे छोटे आरएनए असतात. मायक्रोआरएनएच्या शोधाला २०२४ चं नोबेल मिळालं, ते अनेकांना आठवत असेल. यातला मायक्रोआरएनए-१२२ हा हेपॅटोसाइटचा खास माल, भक्षक पेशीत तो एरवी नगण्य असतो. एक्सोसोममधून तो तिथे पोचला की ती पेशी एलपीएसला आधीपेक्षा जास्त चिडते, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. काही पिशव्यांवर सीडी-४० लायगँड नावाचं प्रथिन असतं, तेही भक्षक पेशींना पेटवतं. काहींत पेशीच्या ऊर्जाकेंद्रांचा, म्हणजे मायटोकाँड्रियाचा डीएनए सापडतो. हा डीएनए मुळात जिवाणूंच्या वंशातला, त्यामुळे प्रतिकारशक्ती त्याला परका समजते. म्हणजे आतड्याकडून खोटी हाळी, घरातूनही खोटी हाळी, आणि मधे बिचारी कुप्फर पेशी.

तिसरा निरोप तारकापेशींना जातो. भक्षक पेशींकडून टीजीएफ-बीटा, इतरांकडून पीडीजीएफ (दोन्ही पेशींना वाढ-बदलाचा निरोप देणारी प्रथिनं), शिवाय अॅसिटाल्डिहाइड स्वतः. हे आले की तारकापेशी अ जीवनसत्त्वाचे थेंब टाकून देते, रूप पालटते, आकसू लागते आणि कोलॅजन, म्हणजे चट्ट्याचं धागेदार प्रथिन, विणायला घेते. भिंतीची भोकं बुजतात. रक्त आणि हेपॅटोसाइट यांच्यातली देवाणघेवाण मंदावते, उपाशी पेशी आणखी बेजार होते, आणखी निरोप सोडते. सिऱ्होसिस म्हणजे हे चक्र वर्षानुवर्षं चालू राहिल्यावर उरलेला चट्ट्यांचा गुंता.

लांबलं. विचारा काय विचारायचं ते.

सराफ्याचा भुक्कड

भिया, म्हणजे ताई, एकदम सॉलिड लिहिलंय. पण मला समजलं ते असं: कुप्फर पेशी म्हणजे आपल्या इंदूरची कचरागाडी. येईल तो कचरा उचलायचा. दारू प्यायलं की कचरा जास्त, गाडी भरली, कचरा रस्त्यावर. बरोबर?

पेशीवाली

अर्ध बरोबर. उचलायचं काम ती करतेच. पण तुमच्या उदाहरणात गाडी भरल्यामुळे घाण होते आहे. इथे गाडी भरलेली नाही. ती ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक पिशवीत बॉम्ब आहे असं समजून भोंगा वाजवते आहे, आणि त्या भोंग्याने पोलीस येऊन गल्ली फोडताहेत. बिघाड क्षमतेत नाही, प्रतिसादात आहे. गाड्या वाढवून प्रश्न सुटत नाही. भोंगा बंद केला तर काय होतं, ती वेगळी कथा, कोणी विचारलं तर लिहीन.

महूकर

पेशीवाली ताई, लेख वाचला. मी फौजेतून निवृत्त. कँटीनची रम, रोज दोन पेग, जेवणाआधी, बरोबर शेंगदाणे. तीस वर्षं झाली. एसजीओटी-एसजीपीटी दरवर्षी नॉर्मल येतात. माझ्या पेशी बहुतेक मौनव्रतात आहेत. उगाच लोकांना घाबरवू नये एवढंच म्हणणं.

पेशीवाली

काका, नमस्कार. घाबरवायचं नाहीये, हिशेब करू. आपल्याकडच्या रम-व्हिस्कीत अल्कोहोल ४२.८ टक्के असतं. ६० मिलीचा एक मोठा पेग म्हणजे सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. तुमचे दोन म्हणजे ४० ग्रॅम रोज, तेही पेग मापाने ६० चे असतील तर. घरी ओतलेले पेग ६० चे क्वचितच असतात, हे तुम्हीही मान्य कराल. १८० मिलीची क्वार्टर म्हणजे ६० ग्रॅम. ८ टक्क्यांची स्ट्राँग बिअर, ६५० मिलीची बाटली, तिच्यात ४० ग्रॅमच्या आसपास. "मी फक्त बिअर घेतो" म्हणणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहिलं.

२०२३ मध्ये जगभरच्या यकृततज्ज्ञांनी या आजारांची नावं नव्याने ठरवली. त्यात यकृतात चरबी साठलेली असताना पुरुषांसाठी रोज ६० ग्रॅमच्या वर आणि बायकांसाठी ५० च्या वर असेल तर सरळ दारूचा यकृतविकार. पुरुषांमध्ये ३० ते ६०, बायकांमध्ये २० ते ५०, आणि सोबत पोट सुटलेलं, साखर, रक्तदाब यांपैकी काही असेल, तर मधला एक वेगळा गट. यकृतात चरबी आणि सोबत मधुमेह किंवा ढेरी असेल तर ४० ग्रॅमवर तुम्ही त्या मधल्या गटात येता. नॉर्मल एसजीपीटीबद्दल मी बोलण्यापेक्षा डॉक्टर लोकांनी बोलावं.

ओपीडी_नंतर

बोलावणं आलं म्हणून लिहितो. फिजिशियन आहे, शहरातच प्रॅक्टिस.

महूकर काका, एसजीओटी आणि एसजीपीटी हे पेशी फुटल्यावर रक्तात सांडणारे एन्झाइम. ते "आज किती पेशी फुटल्या" सांगतात. "आजवर किती चट्टे पडले" हे त्यांना ठाऊक नसतं. पेशीवालींच्या भाषेत, तारकापेशी कोलॅजन विणत असताना एसजीपीटी अगदी नॉर्मल असू शकतो. पूर्ण सिऱ्होसिस झालेला माणूस नॉर्मल एसजीपीटी घेऊन समोर बसलेला मी कितीतरी वेळा पाहिला आहे. अशा वेळी माझं लक्ष प्लेटलेटकडे जातं. त्या हळूहळू कमी होत असतील तर यकृत कडक होऊन रक्त मागे तुंबल्याने प्लीहा वाढलेली असण्याची शंका येते. दारूच्या आजाराची आणखी एक खूण म्हणजे एसजीओटी हा एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त असणं, आणि तरीही दोन्ही आकडे फार मोठे नसणं. चारशेच्या वर गेले तर मी दुसरं कारण शोधायला लागतो.

दुसरं म्हणजे यकृत दुखत नाही. लोक "काही त्रास नाही हो" म्हणतात ते खरंच असतं. त्रास सुरू होतो तेव्हा पाय सुजलेले असतात नाहीतर डोळे पिवळे.

पीथमपूर_शिफ्ट_सी

औषध कंपनीत आहे, उत्पादनात, संशोधनात नाही. म्हणून प्रश्न कदाचित भाबडा. निरोप जर इतका नीट माहीत आहे, टीएनएफ-अल्फा, तर तो अडवायची औषधं आहेतच की. संधिवातात सर्रास देतात. ती इथे का नाही देत? ताई म्हणाल्या ना, भोंगा बंद केला तर काय होतं ती वेगळी कथा. ती सांगा.

पेशीवाली

भाबडा अजिबात नाही. हा प्रश्न वीस-पंचवीस वर्षांपूर्वी सगळ्यांनाच पडला होता आणि त्याचं उत्तर फार महागात पडलं.

उंदरांमध्ये चित्र स्पष्ट होतं. टीएनएफ अडवला की दारूची इजा कमी. मग माणसांवर चाचण्या झाल्या, दारूमुळे तीव्र हेपटायटिस झालेल्या, कावीळ झालेल्या रुग्णांवर. फ्रान्समध्ये टीएनएफ अडवणारं इन्फ्लिक्सिमॅब दिलं, स्टिरॉइडसोबत. गंभीर जंतुसंसर्ग इतके वाढले की चाचणी मधेच थांबवावी लागली. अमेरिकेत त्याच जातीचं एटानरसेप्ट दिलं. २००८ मध्ये निकाल आला: सहा महिन्यांनंतर औषध घेतलेल्या गटात मृत्यू जास्त, नुसतं बिनऔषधी इंजेक्शन मिळालेल्यांत कमी.

कारण त्या निरोपाला एकच अर्थ नाही. टीएनएफ न्यूट्रोफिलना बोलावतो, तसाच तो खऱ्या जंतूंशी लढायलाही लागतो, आणि या रुग्णांच्या अंगात खरे जंतूही शिरलेले असतात. शिवाय यकृताला पुन्हा वाढायला सांगणाऱ्या निरोपांतही तो आहे. टीएनएफचा ग्राहक रेणू नसलेल्या उंदरांचं यकृत कापल्यावर नीट वाढत नाही, हे १९९७ मध्येच दिसलं होतं. म्हणजे आजारी यकृतात एकच रेणू एकाच वेळी मोडतोडही करवतो आणि डागडुजीही. तो पूर्ण दाबला की डागडुजीही थांबते. उंदराच्या पिंजऱ्यात हे लक्षात येत नाही, कारण प्रयोगातला उंदीर तरुण असतो, नीट जेवलेला असतो आणि बाकी निरोगी असतो. वॉर्डातल्या माणसाचं तसं नसतं.

ओपीडी_नंतर

पुस्ती जोडतो. आज तीव्र अल्कोहोलिक हेपटायटिसमध्ये निवडक रुग्णांना प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड देतात, रोज ४० मिलिग्रॅम. सात दिवसांनी बिलिरुबिन (काविळीचा पिवळा रंग) वगैरे बघून लील स्कोअर, म्हणजे औषध लागू पडतंय का याचा आकडा, काढायचा, फायदा दिसत नसेल तर बंद. ब्रिटनमध्ये हजारावर रुग्णांची मोठी चाचणी झाली, २०१५ मध्ये छापून आली. पहिल्या अठ्ठावीस दिवसांत स्टिरॉइडकडे किंचित कल, तोही संख्याशास्त्राच्या कसोटीला पुरता न उतरलेला. तीन महिन्यांनी आणि वर्षाने फरक नाही. बरोबर पेंटॉक्सिफायलिन हे दुसरं औषधही तपासलं होतं, त्याचा काहीच उपयोग दिसला नाही. इतकी वर्षं या आजारावर संशोधन होऊन हातात एवढंच आहे. नातेवाईक विचारतात, "डॉक्टर, भारी इंजेक्शन नाही का काही?" नाही.

पीथमपूर_शिफ्ट_सी

मग निरोप अडवण्याऐवजी मूळच गाठलं तर? आतडं?

पेशीवाली

त्या दिशेने काम चालू आहे, आणि मला ती दिशा जास्त पटते. २०१९ मध्ये असं दिसलं की तीव्र हेपटायटिसच्या काही रुग्णांच्या आतड्यात एन्टेरोकॉकस फीकॅलिस जिवाणूचा एक विशिष्ट प्रकार असतो. तो सायटोलायसिन नावाचं विष तयार करतो आणि ते हेपॅटोसाइटला थेट मारतं. ते ज्यांच्यात आहे त्यांची अवस्था जास्त वाईट. त्याच अभ्यासात फक्त या जिवाणूला मारणारे विषाणू, म्हणजे फाज, उंदरांना दिले तर यकृताची इजा कमी झाली.

आपल्या देशातलं काम सांगायचं तर दिल्लीच्या आयएलबीएस या यकृताच्या सरकारी संस्थेने निरोगी नातेवाइकाच्या विष्ठेतले जिवाणू रुग्णाच्या आतड्यात सोडण्याचा प्रयोग केला, स्टिरॉइड देता येत नव्हते अशा आठ रुग्णांवर. तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि निकाल आशादायक होते. आठ हा आकडा लहानच, त्यानंतर मोठ्या चाचण्यांकडे लोक वळले. नाक मुरडू नका, कल्पना अगदी तर्कशुद्ध आहे. निरोपाचा उगम बदलायचा.

सराफ्याचा भुक्कड

रात्री साडेअकराला सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाता खाता हे वाचलं. धन्यवाद, ताई.

कोठीरोड

सगळं ठीक, पण आपल्याकडे कुटकी, भूम्यामलकी, गुळवेल आहे की. हजारो वर्षांचा अनुभव. माझ्या मामांना गुळवेलीच्या काढ्याने फरक पडला. अॅलोपॅथीवाले हे का सांगत नाहीत?

ओपीडी_नंतर

कारण २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेलीमुळे यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद छापली. करोनाच्या काळात घरोघरी काढे सुरू होते तेव्हाची गोष्ट. गुळवेल प्रतिकारशक्ती जागी करते, हीच तिची ख्याती ना? या धाग्यात वरपासून आपण हेच बोलतोय की या आजारात प्रतिकारशक्ती आधीच नको तितकी जागी असते. मामांनी काढ्याबरोबर दारू सोडली होती का, तेही विचारून बघा.

कोठीरोड

सोडली होती. पण म्हणून काढ्याचा काहीच वाटा नाही असं कसं म्हणता?

ओपीडी_नंतर

म्हणत नाही. त्या उदाहरणावरून वाटा असल्याचं सिद्ध होत नाही, एवढंच म्हणतो. आणि ज्याचं यकृत आधीच दुखावलंय त्याने प्रयोग स्वतःवर करू नये.

आनंदी_गोपाळपुरा

पहिल्यांदाच लिहिते आहे, सांभाळून घ्या. आमचे भाऊजी, म्हणजे धाकटे दीर, चव्वेचाळीस वर्षांचे. रोज अर्धी बाटली. मागच्या महिन्यात कावीळ झाली, आता उतरली. सासूबाईंनी देवापुढे शपथ घातली आणि परवापासून त्यांनी एकदम बंद केलं. आम्हाला इतका आनंद झाला. पण कालपासून हात थरथरताहेत, घाम, रात्रभर झोप नाही, भिंतीवर कोणीतरी आहे म्हणतात. यजमान म्हणतात हे यकृतातलं विष डोक्यात चढलं. असंच असतं का? किती दिवस चालतं?

ओपीडी_नंतर

ताई, धागा बाजूला ठेवा, आधी त्यांना आत्ताच्या आत्ता मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न्या. एमवायला, आपल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात न्या किंवा जवळ असेल तिथे. सकाळची वाट पाहू नका. रोज एवढी पिणाऱ्याने एकदम बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत असं होतं. नसलेलं दिसणं हे गंभीर लक्षण आहे, झटके येऊ शकतात, जीव जाऊ शकतो. यकृतामुळेही गोंधळल्यासारखं होऊ शकतं, त्यातला फरक तिथले डॉक्टर करतील. घरी झोपेची गोळी देऊ नका. परत दारूही देऊ नका. ते ग्लुकोज लावतील तेव्हा थायमिनचं म्हणजे बी-१ चं इंजेक्शन दिलंय ना, एवढं विचारा. किती पीत होते आणि शेवटची कधी घेतली ते खरं सांगा, आकडा कमी करून सांगू नका.

आनंदी_गोपाळपुरा

निघतोय.

महूकर

ताई, गाडी हवी असेल तर इथे लिहा. महूहून यायला वेळ लागेल, पण इंदुरात माझे बरेच जण आहेत.

पेशीवाली

डॉक्टर, आभार. सगळ्यांसाठी: दारू सोडायलाच हवी, पण रोज भरपूर पिणाऱ्याने ती डॉक्टरांच्या देखरेखीत सोडायची. फोनवर बोलायचं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, पैसे लागत नाहीत.

मालव्याची_सून

आनंदीताईंचं ठीक होऊ दे. एक विचारायचं होतं, आत्ता विचारणं बरं दिसत नाही, पण विचारते. सोडल्यावर चट्टे जातात का? की "होतं ते झालं"?

पेशीवाली

विचारा हो, त्यांनाही पुढे हेच लागणार आहे.

चरबी जाते, बहुतेकांची काही आठवड्यांत. चट्ट्यांचं उत्तर तारकापेशींकडे आहे. २०१२ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी उंदरांमध्ये पाहिलं की इजा थांबल्यावर कोलॅजन विणणाऱ्या तारकापेशींपैकी काही मरतात आणि बाकीच्या, जवळपास निम्म्या, पुन्हा शांत होतात. म्हणजे रूप पालटणं उलटही होतं, हे आधी कोणी फारसं धरलं नव्हतं. पण शांत झालेल्या त्या पेशी पूर्वीसारख्या कोऱ्या नसतात. पुन्हा इजा झाली की नव्या पेशींपेक्षा लवकर पेटतात. दोन वर्षं सोडून परत सुरू करणाऱ्यांचं वेगाने का बिघडतं, याचं एक कारण यात असू शकतं.

या सफाईत आणखी एक पात्र आहे, नॅचरल किलर पेशी. पेटलेल्या तारकापेशी ओळखून मारायचं काम त्या करतात. दारू त्यांनाच लुळं करते. म्हणजे प्यायला सुरू ठेवलं तर एकीकडे चट्टे विणणाऱ्या वाढतात आणि दुसरीकडे त्यांना आवरणाऱ्या झोपतात. बंद केलं की या बाजूलाही फरक पडतो.

फार पुढे गेलेल्या सिऱ्होसिसमध्ये सगळं परत येत नाही. तरी दारू थांबवलेल्याचं आयुष्य न थांबवलेल्यापेक्षा लांबतं, ते त्या टप्प्यावरही.

मालव्याची_सून

बायकांना कमी दारूत जास्त होतं म्हणतात, ते खरं?

पेशीवाली

खरं. शरीरात पाण्याचं प्रमाण कमी, म्हणून तेवढ्याच दारूत रक्तातली पातळी जास्त. शिवाय इस्ट्रोजेनमुळे कुप्फर पेशी एलपीएसला जास्त चिडतात असं उंदीर-घुशींवरच्या प्रयोगांत दिसलंय. वरच्या मर्यादा बायकांसाठी वेगळ्या आहेत त्या उगाच नाहीत.

राजेंद्रनगरी

आपल्या मध्य प्रदेशात अहाते, म्हणजे दुकानालगत बसून प्यायच्या जागा, २०२३ मध्ये बंद केले, २०२५ च्या एप्रिलपासून उज्जैन, महेश्वर, ओंकारेश्वरला दुकानंही बंद. हे सगळं इथे कोणी लिहिणार की नाही? लोक आता रस्त्यावर गाडीत बसून पितात. धोरणावर बोला की.

पेशीवाली

वेगळा धागा काढा, येते तिकडे भांडायला. इथे नको.

आनंदी_गोपाळपुरा

रात्री अॅडमिट केलं. आता झोपलेत, थरथर कमी आहे. थायमिन दिलंय, मी विचारलं. डॉक्टर म्हणाले आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं. चार-पाच दिवस ठेवतील. यकृताचं नंतर बघू म्हणाले. सगळ्यांचे आभार. महूकर काका, फोन आला होता तुमच्या माणसाचा, गाडीची गरज नाही पडली.

महूकर

देव पावला.

आता माझं. डॉक्टरसाहेब, मुलीने हा धागा वाचला आणि शनिवारी फायब्रोस्कॅनची, म्हणजे यकृत किती कडक झालं ते बाहेरून मोजायच्या तपासणीची वेळ घेऊन ठेवली. उपाशी जायचं का? आणि शुक्रवारी रेजिमेंटच्या मित्रांचं जेवण आहे.

ओपीडी_नंतर

किमान तीन तास उपाशी. जेवल्यावर यकृतातला रक्तप्रवाह वाढतो आणि आकडा फुगतो. आणि हे मशीन चट्टे नाही, कडकपणा मोजतं. यकृतात सूज असेल, भक्षक पेशी आणि न्यूट्रोफिल जमलेले असतील, तर चट्टे नसतानाही आकडा वर जातो. म्हणून शुक्रवारचं जेवण जेवा, ग्लासात लिंबूपाणी. शनिवारचा आकडा जास्त आला तर लगेच सिऱ्होसिस म्हणून बसू नका, काही आठवडे दारू पूर्ण बंद ठेवून परत मोजू. तेव्हा किती उतरतो त्यावरून सूज किती होती आणि चट्टे किती, याचा अंदाज येईल. तीस वर्षांचे दोन पेग आहेत, तेव्हा तुम्हीही एकदम बंद करण्याआधी मला किंवा तुमच्या डॉक्टरांना भेटा. रिपोर्टचा फोटो इथे टाकू नका, नाव असतं त्यावर.

महूकर

लिंबूपाणी. ठीक आहे. मेसच्या हवालदाराला आत्ताच सांगून ठेवतो, नाहीतर तो सवयीने भरेल.